वाईट जागा

त्या काळी मी बाळकुमच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. कोलशेतच्या बंदरावर होडीची वाट पाहताना मिठाच्या कोठारापाशी मला एक पाटीवाला मजूर रोज दिसे. एकदा मिठाची पाटी घेऊन कोठारात चढताना त्याच्या पायाखालची फळी मोडली आणि तो दगडांवर आपटला. एक पाय कायमचा गेला. कोठाराच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी तिथे नारळ फोडला. जागा वाईट आहे, हे गावानेही लगेच मानलं.

मोडक्या फळीला जोड मारून काम पुन्हा सुरू झालं. तो शेजारी बसून काठीने फळी ठोकी, कान देऊन ऐके. आवाज पोकळ वाटला की पाटीवाल्यापुढे काठी आडवी धरी. लोक काठी ओलांडून चढत.

मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, ठाण्याला मुन्सफाकडे मालकावर फिर्याद का नाही करत?"

तो म्हणाला, "साक्षीला कोन येल, मास्तर? सगली बोलतान, भुतानं पाडला. मालकाला कोर्टात नेता येल, भुताला कसा नेऊ?"

पुढे तो दिसेनासा झाला. कोठाराच्या दारात दर अवसेला नवा नारळ फुटत राहिला. फळी मात्र तीच होती.