बोरीच्या पाल्याचं पाणी

माझ्या मानेवर आज जे तोंड आहे, ते शहागंजमागच्या गल्लीतल्या खालांनी मला परत दिलेलं आहे. आणि माणसाच्या कातडीवर खालांइतका जीव असणारं दुसरं कोणी औरंगाबादेत असेल, तर ते माणूस नसावं.

खाला म्हणजे माझ्या खोलीच्या घरमालकीण. सगळ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी, म्हणून माझीही. त्या कुणाला नाव-गाव विचारत नसत. डोळे मिटून बोटांची मागची बाजू समोरच्या गालावरून फिरवत आणि सांगत, "तेलकट. मुलतानी मिट्टी आठवड्यातनं एकदा, रोज नक्को." दुसरीला, "सुकी है. साबण कमी कर, अंग ओलं असतानाच तिळाचं तेल लाव." भाजीवाल्याशी भाव करता करता त्यांनी त्याला सुनावलं होतं, "कपाळ तेलाचं, गाल वाळवंटाचे, दोन्हीला एकच साबण कायकू?" टॉवेलनं तोंड खसाखसा पुसणारा माणूस त्यांना खुनी वाटे. "तोंड टिपायचं," त्या म्हणत, "पुसायची ती फरशी." एवढं ज्ञान फुकट मिळत असूनही गल्ली त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जाई. "तेरी जिल्द बहोत अच्छी है," असं कातडीचं कौतुक त्यांनी कुणाचं केलं, की तो माणूस त्याच दिवशी दर्ग्यात नाहीतर मारुतीला जाऊन येई. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किनवटकडची, आठवीत शाळा सुटलेली. वाटायचं, शहरात असंच असेल.

गुलमंडीवर साडीच्या दुकानात मी गिऱ्हाइकांना घड्या उलगडून दाखवायला होते. सोबतच्या पोरीनं दिलेलं गोरं करायचं बिननावाचं मलम चोपडत राहिले आणि तोंड लालभडक होऊन सोलायला लागलं. मालकीणबाई म्हणाल्या, "तोंड नीट झालं की ये. लई दिवस लागले तर मी दुसरी बघते." नोकरी गेली असती तर भाऊ लगेच एसटीनं न्यायला आला असता, आणि गावाकडं त्यानं माझ्यासाठी पोरगा बघूनच ठेवला होता.

खालांनी मलम मोरीत टाकलं. दुपारी मला अंगणातल्या लाकडी तख्तावर उताणी निजवलं. बोरीचा पाला उकळून कोमट केलेलं पाणी आणि कापूस. आधी उजवी बाजू, मग डावी. डोकं इतकं अलगद उचलायच्या, की ते माझं नव्हतंच असं वाटावं. माझ्याशी बोलत नसत, कातडीशी बोलत. "हौ, मालूम है. दर्द जाताय, जाताय." एकदा मधेच थांबल्या. "श्वास जरा हळू घे, बेटा. छाती हलली की माझा हात चुकतो. सवय नाय."

तोंडाचा लालपणा जरा बसत आला होता, तेव्हाची गोष्ट. मी तशीच निजलेली, आणि दारात दोन बाया आल्या. "खाला, पिछली गल्ली में मय्यत है. चलो." खालांनी पाल्याची जुडी उचलली, अर्धी माझ्या पातेल्याशेजारी ठेवली, अर्धी ओढणीत बांधली. "तू पडून रहा. मी त्यांना धुऊन येते."

मी पडून राहिले, आणि पडल्या पडल्याच मला सगळं उमजत गेलं. ती उजवी बाजू, तो पाला, तो न बोलणारा हात. मेलेल्या बायांना शेवटची आंघोळ घालणारा हात. मी खोलीत पळाले आणि साबणानं तोंड घास घास घासलं. संध्याकाळपर्यंत ते भाजल्यासारखं सुजलं.

सकाळी परत त्यांच्याच दारात उभी. त्यांनी एकदा बघितलं.

"साबण."

"व्हय."

"कायकू?"

मी खरं ते सांगितलं. खाला हसल्या नाहीत. "पानं तीच, बेटा. मय्यतीइतकं नाजूक काय असतं? तिला जे चालतं ते तुला चालतं. पण त्यांच्या शेवटच्या पाण्यात कापूर पडतो. तुझ्या पाण्याला कापराचा वास आला कधी?"

"नाय."

"मग जिंदा है तू. लेट."

मी निजले. मात्र दर वेळी पाणी आधी हुंगून घेई. आजही तोंडावर पाणी मारण्याआधी हुंगते. तोंड परत मिळालं, नोकरी राहिली, आणि भावाला त्या पोराकडं नकार कळवावा लागला.

आता खालांची बोटं थरथरतात. परवा त्यांनी ती स्वतःच्याच गालावरून फिरवली. "सुकी," म्हणाल्या, "मेरेकू पानी ज्यादा लगेगा."

"तुमचं मी करीन, खाला."

"तुझा हात नाय चालायचा. ते आमच्यातल्या बाया करतात, भाचीला शिकवलंय मी. पण गल्लीतली बोर तोडली ना. पाला कोण आणणार?"

आमच्या गोठ्यामागं बोर आहे, मी म्हटलं.

"गाव कब जाती?"

"दिवाळीला."

"चल, तब तक रुकती," त्या म्हणाल्या, आणि सवयीनं माझा गाल चाचपून बघितला.

खाला, पाला मी आणीन. कोवळा, सावलीत वाळवलेला, कमी पडणार नाही एवढा. कापूर मात्र दुसऱ्या कुणाला सांगा. तो माझ्याच्यानं घेववणार नाही.