मी खिचडी चाखली होती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच जमेल. नाहीतर माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईच्या पोटात एवढी वर्षं काही राहणं कठीणच.

मी मास्तरीण आहे. मंगरूळपीरहून शेलूबाजारकडे जाताना मध्ये एक गाव लागतं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये तेव्हा मी शिकवायची. पत्र्याच्या आठ खोल्या, एक मैदान, आणि कोपऱ्यात खिचडीची शेड. ती खिचडी शिजवायची सुनंदाबाई. पन्नाशीची, उंच, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. कढीपत्ता घरच्या झाडाचा आणायची, कुणी सांगितलेलं नसताना. पोरं दुसऱ्यांदा ताट घेऊन आली की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आता एक नियम सांगायला हवा. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं खिचडी चाखून बघायची. आमच्याकडे हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाईमाणसाला चव कळते म्हणे. मीही हसून हो म्हणाले. स्वयंपाकिणीनंही चाखावी अशी अपेक्षा असते, पण सुनंदाबाईला ते पटायचं नाही. लेकरं उपाशी असताना आपण तोंडात घास कसा घालायचा, असं तिचं म्हणणं. मॅडम चाखतात, तेवढं पुरे.

ती रोज स्टाफरूममध्ये झाकलेली वाटी ठेवून जायची. थोड्या वेळानं वाटी न्यायला यायची आणि दारातूनच विचारायची, कशी झाली? मी म्हणायची, छान झाली. मीठ बरोबर आहे. कधी कधी तर – हे लिहिताना लाज वाटते – आज फोडणी जरा जास्त झाली, असंही म्हणायची. खरं वाटावं म्हणून.

कारण मी ती खिचडी कधी चाखलीच नाही. एकदाही नाही.

वाटी मी मागच्या खिडकीतून रिकामी करायची. खाली एक कुत्री ठरल्या वेळी येऊन बसायची. सगळ्या शाळेत माझं गुपित तिला एकटीला ठाऊक होतं. त्या दिवशीही ती आली. मी खिचडी टाकली. तिनं वास घेतला, तोंड लावलं, आणि उठून गेली. मी पाहिलं ते. पोट भरलं असेल, असं म्हणाले मनात. मग सुनंदाबाई आली, तिला सांगितलं, छान झाली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तास सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि सातवीतली एक मुलगी बाकावरच ओकली. मग दुसरी, मग मुलं. मिळेल त्या जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत सगळी घरी आली, कुणाला काही झालं नाही. तेल खराब होतं की डाळ, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण गाव शाळेत जमलं होतं, आणि गावाला कुणीतरी हवं होतं.

हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, मॅडम, तुम्ही चाखली होती ना? तेव्हा एक शब्द पुरला असता. नाही – एवढाच. फार तर काय झालं असतं? नोटीस आली असती, चार लोक बोलले असते. मी म्हणाले, हो, चाखली होती. चांगली होती.

याचा अर्थ काय झाला, बघा. माझ्यापर्यंत चांगली होती, म्हणजे जे झालं ते नंतर, तिच्या हातून. गावानं तो अर्थ लगेच काढला. तिचे दीर तिथेच होते, ते तिच्या बाजूनं बोलायला लागले, तर सुनंदाबाईनंच त्यांना थांबवलं.

“मॅडम खोटं कायले बोलतीन? त्यायनं चाखली व्हती. माह्याच हातून काही झालं असंन.”

तिचं काम गेलं.

का चाखत नव्हते, ते अजून सांगितलं नाही मी. बघा, अजूनही टाळते आहे. डबा आणायची म्हणून? पोट नाजूक म्हणून? नाही हो. सुनंदाबाई बौद्ध वस्तीतली. माझ्या माहेरी, आमच्या भाजीच्या मळ्यात, त्या वस्तीतल्या बाया निंदणाला यायच्या, आणि त्यांच्या हातचं आम्ही खायचो नाही. असं कुणी शिकवलं नव्हतं, शिकवावं लागलंच नाही. मी नागरिकशास्त्र शिकवते. जयंतीला समतेवर भाषण करते, लोक टाळ्या वाजवतात. आणि घास मात्र माझ्या तोंडाशी जात नव्हता. एवढं साधं, एवढं घाणेरडं कारण.

यंदा उन्हाळ्यात शेलूबाजारच्या स्टॉपवर ती भेटली. पाठीत वाकली आहे. तिनंच हाक मारली, माझ्या मुलांची चौकशी केली. आता निंदण-खुरपण करते. पूर्वी वस्तीत लग्न असलं की चुलीवर तीच असायची. आता ती कुठे जात नाही. घरीही सूनच स्वयंपाक करते. नातू हट्ट करतो, आजी तुझ्या हातची दे.

“भेव वाटते मॅडम. माह्या हाताचा आता भरोसा नाही मले. लेकरायले काही झालं तं?” मग म्हणाली, “तुमी तवा मले एक शब्द वंगाळ बोलल्या नाही. ते ध्यानात हाय माह्या.”

सांगायला वेळ होता. बस यायची होती, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ द्या सुनंदाबाई. चूक माणसाच्याच हातून होते.”

तिचे डोळे भरून आले. मी तिला माफ केलं होतं.