जांभळी कड

आई गेल्यावर चौकटीत लावण्याजोगा तिचा एकच फोटो सापडला. लांबचं जवळ ओढणाऱ्या माझ्या छोट्या कॅमेऱ्यानं तो शेताच्या दुसऱ्या बांधावरून काढलेला. उजळ आभाळापुढं भिंगाच्या दोषानं तिच्या केसांना, हाताला जांभळी कड आली होती. ती काढून घ्यायला आखाडा बाळापूरच्या एका फोटो स्टुडिओत गेलो.

तिथला माणूस चष्मा कपाळावर सारून, कॉम्प्युटरला नाक लावून एकेका केसाची कड पुसत बसला. अर्धा तास झाला.

"सगळा जांभळा एकदम नाही का निघत?" मी विचारलं.

"निघतो की. एका बाईच्या फोटोतला तसाच काढला व्हता. कडंसंगं तिची जांभळी साडीबी पांढरीफटक पडली. नवरा दवाखान्यात व्हता तिचा. मी दुसरा फोटो करून दिला, पर तिनं बघितलाच न्हाई."

तो पुन्हा कामाला लागला. आईच्या मनगटापाशी येऊन थांबला.

"बांगड्या जांभळ्याच व्हत्या का त्यांच्या? का ही बी कडच हाय?"

मी पडद्याजवळ वाकून बघितलं. तिच्या बांगड्यांचा रंग आठवेना.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बांगड्या तेवढ्या तशाच राहू दिल्या.