भट्टीवर गेलेल्या पोरांचे फॉर्म

"खोटं आहे हे! पोरं वीटभट्टीवर होती. फॉर्म भरले कोणी? भुतांनी?"

तलासरीच्या सभागृहात कमलबाई ओरडत होत्या. एका पाड्यावरच्या शाळेच्या त्या शिक्षिका. पडद्यावर आमच्या संशोधनाचा आलेख, त्यात त्यांच्या शाळेचंही नाव, आणि ते फॉर्म गोळा करणारा माणूस – म्हणजे मी – माइकपाशी उभा. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि मी कसला गप्पिष्ट, ते सगळ्या बोर्डीला ठाऊक – माझ्या गोष्टीत चिखले गावच्या किनाऱ्यावरचा बोंबील वाघाएवढा असतो, वर डरकाळीही फोडतो! पण ही गोष्ट... हिला फुगवायला जागाच नाही.

थांबा, नीट सांगतो. पर्यावरण शिक्षणाच्या संशोधनात हल्ली जो तो एकच विचारतो – पोरांना माहिती कळते, पण वागणं बदलतं का? आम्ही शाळांना चित्रांचा संच दिला. त्याआधी एक फॉर्म, नंतर एक. आधीचा मी खरंच भरून घेतला. नंतरचा घ्यायला गेलो दिवाळी उलटल्यावर – आणि दिवाळी उलटली की तिथली माणसं पोराबाळांसकट भट्टीवर जातात, हे एसटीच्या कंडक्टरलाही माहीत असतं. आमच्या वेळापत्रकाला नव्हतं. वर्गात फळा होता, आणि कमलबाई.

मी काय करायला हवं होतं? लिहायचं ना – पोरं नाहीत. दोन शब्द. मी घरी आलो आणि ओटीवर बसून अख्ख्या वर्गाचे फॉर्म भरले. तीन पेनं. काही डाव्या हातानं. मुद्दाम चुका. एका कोपऱ्यात मोर काढला – आणि, कसं सांगू, त्या मोराचा मला अभिमान वाटला! माझी फॉर्मातली पोरं प्लास्टिक जाळत नव्हती, उलट बापाला दटावत होती.

कमलबाईंची रीत वेगळी. पावसाळ्यात शनिवारी वर्ग रानात. शेवळांची रानभाजी कुठे उगवते, काकडाची आंबट फळं न घालता शिजवली तर घसा का खाजतो, खुडताना कंद का ठेवायचा – पोरंच एकमेकांना शिकवायची. फॉर्मात याला रकाना नव्हता. आणि त्या दिवशी तलासरीच्या सभागृहात माझ्या आलेखावरून ठरत होतं – यापुढे शनिवारी सगळ्या शाळांत चित्रांचा संचच. पडद्यावर लिहिलेलं, 'पुढची दिशा'.

त्या ओरडल्या तसे सगळे माझ्याकडे वळले. खरं बोललो असतो तर – काय झालं असतं? नोकरी गेली असती. एवढंच ना? मी म्हणालो, "अहो बाई, भट्टीची ऊब लागली की अक्कल लवकर पिकते!"

सभागृह खदखदून हसलं. "बसा हो मॅडम, चहा निवतोय," मागून कोणीतरी म्हणालं. बाईंच्या हातात हजेरीपत्रक होतं. उघडलेलं. कोणी मागितलंच नाही. त्यांनी ते मिटलं.

अहवाल आता माझ्या हातात राहिलेला नाही. नवे संशोधक त्याच्यावर नवे प्रश्न रचतात – कोणाच्या दारात जाऊन ओरडू? या पावसाळ्यात मात्र पाड्यावर गेलो, सांगायचंच ठरवून. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. तोंड उघडलं – आणि माझ्यासारख्या माणसाला एवढंच सुचलं, "यंदा पोरांना घेऊन रानात गेला होतात का, बाई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी चित्रं दाखवायची असतात."