खालची तार

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. सोनईजवळच्या आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही. घरचे हसतात. हसू देत.

अशात नवऱ्यानं दोन मिनी घोडे आणले, एक घोडा आणि एक घोडी, माझ्या कमरेला लागतील एवढेच. शनिवारी शिंगणापूरला भाविकांची गर्दी असते, तिथं पोरांना पाठीवर बसवून फेरी मारायची, असा त्याचा बेत. ते टेम्पोतून उतरले तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं आणि मला धडकी भरली. एवढं बुटकं जनावर बिबट्याला शेळीसारखंच. घर, अंगण आणि घोडे आत घेणारं कुंपण घालायची वेळ आली तेव्हा मी काटेरी तारेसाठी हटून बसले.

त्याला जाळी हवी होती. "आगं, घोडं बिथरलं की म्होरं काय हाय ते बघत न्हाई. काटे त्यालाच फाडत्याल."

"तुमी दिसभर भाईर आसता," मी म्हणाले. "हितं मी एकटी. मला काटेच पायजेत."

"बरं, मग खालची तार तरी जमिनीला टेकवू."

त्यालाही मी नाही म्हणाले. तारेखाली गवत माजतं आणि ते कापणार मीच. विळा फिरवायला हात आत जायला हवा, म्हणून खालची तार दोन वीत वर ठेवायला लावली. तेवढ्या फटीतून बिबट्याही सरपटत येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चार तारा, त्यांवरचे नवे कोरे काटे, एवढं पाहूनच माझा जीव भांड्यात पडला होता.

मग घोडीला शिंगरू झालं. पहिल्या दिवशी तर ते मी एका हातानं उचललं होतं. सहाव्या दिवशी शनिवार होता. नवरा घोड्याला घेऊन शिंगणापूरला गेलेला, वस्तीवर मी एकटी. भर दुपारी अंगणात लसूण सोलत होते आणि घोडी किंचाळली.

शिंगरू कुंपणालगत झोपलं होतं. झोपेत लोळलं, तारेखालून सरकलं आणि उठलं ते बाहेर. त्याच्यापुढे पायवाट आणि लगेच ऊस. घोडीनं त्याला तारेपलीकडे पाहिलं आणि धाव घेतली ती थेट काट्यांवर.

मी फाटकापर्यंत पळत गेले आणि तिथंच थांबले. ऊस हलत होता. वाराच असणार, आज मला ते कळतं. तेव्हा मला वाटलं, तो तिथं बसलाय आणि माझ्याकडंच बघतोय. पाय उचलेनात. घोडी मागं सरायची, पुन्हा धडकायची. तिची पांढरी छाती लाल झाली. मी नुसती ओरडत राहिले आणि माझ्या ओरडण्यानं शिंगरू आणखी उसाकडे सरकलं.

पाचव्या धडकेला ती तारेत अडकली आणि तिचा आवाजच थांबला. मी फाटक ढकललं ते त्यानंतर. कशी गेले, आठवत नाही. शिंगराला पोटाशी धरून परत आले, त्याला तिच्या तोंडापुढे उभं केलं, तेव्हा ती तशीच अडकलेली, थरथरत, पण शांत उभी राहिली. मग मी पकडीनं तारा तोडल्या.

मी फोन केला तसा नवरा जनावरांच्या डॉक्टरांना घेऊनच आला. त्यांनी टाके घातले, इंजेक्शन दिलं. म्हणाले, घोड्याला धनुर्वात लवकर होतो, दहा-पंधरा दिवस तिच्या जबड्यावर लक्ष ठेवा.

डॉक्टर गेल्यावर नवऱ्यानं जखमांवरून हळूच बोट फिरवलं. "कितींदा धडकली?"

"येकदाच," मी म्हणाले. "मी लगीच धावले की."

तो उठून कुंपणाशी गेला. तारेवर चार-पाच ठिकाणी पांढरे केस लटकले होते. त्यानं ते एकेक करून काढले. सोमवारी जाळी आली, बारीक घरांची, खूर अडकणार नाही अशी. खाली थेट जमिनीपर्यंत, आणि घोड्यांना कुंपण दिसावं म्हणून वरून आडवी लाकडी बल्ली. काटेरी तार मीच गुंडाळून टाकली.

ते दहा-पंधरा दिवस मी तिच्यापासून हलले नाही. घोडी घास चावते का, तोंड उघडते का, हेच सारखं बघायचे. पाणी प्यायला ती जरा थांबली तरी मी तिचा जबडा चाचपायचे. बिबट्याची आठवणही होत नव्हती. ती वाचली. जखमांवर केस पुन्हा आले नाहीत, छातीवर तेवढ्या पाच रेघा राहिल्या.

आता कुणी पाहुणा आला की नवरा त्याला जाळीपाशी नेतो आणि मोठ्यानं सांगतो, "आमची मंडळी बिबट्याला लई भिते, पर त्या दिशी येकटीनं शिंगरू उसातनं काढलं. घोडी येकदाच धडकली, तवर ही धावली."

पाहुणा माझ्याकडं कौतुकानं बघतो. नवरा मात्र ते सांगताना माझ्याकडं बघत नाही. मी चहा टाकायचं निमित्त करून घरात जाते आणि पाहुणा निघेपर्यंत बाहेर येत नाही.