गृहचौकशीचा अर्ज

समाजकार्याच्या कॉलेजात जाण्याआधी मला एकच लिखाण येत होतं, पत्रकाचं. भिवंडीत लूमच्या खडखडाटात मी शाळा केली आणि अकरावीपासून लूम कामगारांसाठी पत्रकं लिहायला लागले. पहिली ओळ शिवीसारखी लागली पाहिजे, असं मला शिकवलं गेलं होतं. 'जाहीर निषेध' मी झोपेतही लिहिला असता. अजूनही लिहीन.

दुसऱ्या वर्षाला माझं फील्डवर्क गणेशपुरीच्या अलीकडे एका आदिवासी पाड्यावर लागलं. गुरुवार आणि शुक्रवार. एसटीने फाट्यावर उतरायचं, भातखाचरांच्या बांधावरून वर चढायचं, लोकांत बसायचं आणि परत आल्यावर कोण काय बोललं ते वहीत उतरवायचं. आमचं फील्डवर्क बघणाऱ्या मॅडमचा नियम होता : बघा, ऐका, लिहा, मला विचारल्याशिवाय काही करू नका. मला हा नियम भंपक वाटायचा. माणसं अडलेली आणि आपण वही भरत बसायचं?

पाड्यावरच्या एका बाईला मी मावशी म्हणायचे. तिची मुलगी दहावी पास झाली होती आणि तिला सायन्सला जायचं होतं. त्यासाठी तालुक्याला राहायला हवं, म्हणजे सरकारी वसतिगृहात जागा हवी, आणि जागेसाठी जातीचा दाखला. दाखल्याला पन्नास सालाआधीचा कागद मागत होते. मावशीच्या आजाने जन्मात कागद हातात धरला नव्हता. कागदच नसेल तर तलाठ्याने घरी येऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, तसं लिहून न्यायचं, आणि त्यावर दाखला होऊ शकतो. याला गृहचौकशी म्हणतात. तलाठी दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. वसतिगृहाची यादी महिन्याभरात लागणार होती.

मी अर्ज लिहिला. मॅडमना न विचारता, मावशीच्या ओट्यावर बसून, चार पानं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय, झोपलेलं प्रशासन, तलाठ्याच्या मुजोरीचा जाहीर निषेध, सात दिवसांत दाखला न मिळाल्यास उपोषण. गृहचौकशी करावी, हे शेवटच्या पानावर अर्ध्या ओळीत.

"यवढा काय लिवलंस गं ताय?" मावशीने विचारलं.

"तुमचा हक्क मागितलाय, मावशी."

"चार पानं? आमाला दाखला तं एकच पायजे."

मुलगी फिसकन हसली. मीही हसले. मावशीने अंगठा उठवला. तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा मला किल्ला जिंकल्यासारखं वाटत होतं.

तीन आठवडे काहीच हललं नाही. मी कार्यालयात गेले. कारकुनाने पोच उलटसुलट करून पाहिली.

"हा दाखल्याच्या टेबलवर नाही. तक्रारीच्या टेबलवर गेला."

"का?"

"तुम्हीच केलीत ना तक्रार? वाचलाय मी. भाषण झकास आहे हां. मोर्चा कधी काढताय?"

शेजारच्या टेबलवरचे दोघं हसले. तक्रार आली म्हणून तलाठ्याचं म्हणणं मागवलं होतं. त्याने लेखी दिलं होतं : माझ्याविरुद्धच तक्रार असल्याने तिचा निकाल लागेपर्यंत मी या घराची चौकशी करणे योग्य होणार नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. तिच्यात चूक सापडली नाही. त्याला न जाण्यासाठी कारण हवं होतं, आणि ते मी चार पानं भरून पुरवलं होतं.

मी ओरडले. मुलीचं वर्ष जाईल, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, सगळं बोलले.

"ताई, ओरडून कागद या टेबलवरून त्या टेबलवर जात नाही," कारकून म्हणाला. तो दुष्ट नव्हता, तेच जास्त लागलं. "बाईंकडून तक्रार मागे घेतल्याचं लिहून आणा. मग नवा अर्ज. साधा. पाच ओळी पुरतात."

मॅडमना सांगितलं. त्या रागावतील अशी मला आशा होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हे जसंच्या तसं वहीत लिही."

पुढच्या सोमवारी वसतिगृहाची यादी लागली. मुलीचं नाव नव्हतं, असणार कुठून?

शुक्रवारी पाड्यावर गेले तर ती घरी नव्हती. भिवंडीजवळ काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायला लागली होती. टेम्पो सकाळी फाट्यावरून बायकांना घेऊन जातो.

"पुढल्या साली व्हईल ना गं?" मावशीने विचारलं.

होईल म्हणाले असते तर तेही पत्रकच झालं असतं. मी शाईचं पॅड काढलं आणि लिहायला बसले. 'माझी तलाठी यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. मी माझा अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे.' वाचून दाखवलं.

"तकरार न्हाय?" ती म्हणाली. "मंग हा खोटाच हाय की."

"हो, मावशी. खोटाच आहे."

तिने अंगठा उठवला, पदराला पुसला. "पोरगी सात वाजता येते ड्युटीवरशी. तुजी आठवण काढते. थांब ना."

शेवटची एसटी चुकेल, असं सांगून मी उठले. शेवटची एसटी आठची होती.