तांबड्या ताऱ्यांचा बांध

पृथ्वीवर मोजण्यासारखे काही शिल्लक उरले नाही म्हणूनच माझे साडू आकाशाकडे वळले, असे माझे प्रामाणिक मत आहे. जमीन मोजणीच्या नोकरीत त्यांनी जिल्ह्यातला बांध न् बांध पालथा घातला आणि निवृत्तीनंतर लोहारा गावातल्या घरी संगणकासमोर बसून ते शेजारच्या दीर्घिकांची अंतरे काढू लागले. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेल्या नोंदी सर्वांना खुल्या असतात हे कळले, त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. "पाव्हणं, लई सुखाचं काम," एका लग्नात ते मला म्हणाले. "तिथं कुणी कुऱ्हाड घिऊन बांधावर उभं न्हाय." कुठलेही माप ते चुकीच्या शक्यतेसह सांगत. चहा किती हवा? "अर्धा कप, दोन घोट कमी-जास्त." एसटी कधी येईल? "सव्वाअकराला, चाळीस मिनिटं कमी-जास्त." हे भाकीत कधी खोटे ठरले नाही. त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, कपाळावर हात मारीत: "दोन गल्ल्यांवरची गिरणी ह्यांना लांब पडती, आन् एक कोट प्रकाशवर्षं म्हंजे शेजार!"

त्यांची रीत मात्र साधी होती. म्हातारे तांबडे तारे फुगत, उजळत जातात, पण एका मर्यादेपलीकडे जात नाहीत. ती मर्यादा सगळीकडे जवळपास सारखीच. दीर्घिकेत ती किती मंद दिसते ते पाहायचे, की अंतर निघते.

अकरा वर्षांपूर्वी बेंबळीच्या माझ्या शेताची मोजणी त्यांच्याकडे आली आणि बांध माझ्याच रानात चार हात आत निघाला. नात्यातला माणूस शेजाऱ्याच्या बाजूने झुकला, अशी लेखी हरकत मी घेतली. दुसऱ्या मोजणीदाराने फेरमोजणी केली. खूण बोटभरही हलली नाही. मी चार हात सोडले, माफी मात्र मागितली नाही. लग्नकार्यात भेटले की ते घरी बोलावीत. "लोहारा लांब पडतं," म्हणून मी टाळत असे.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "या. माझ्या मोजणीला पंच पाहिजे." या वेळी नाही म्हणवले नाही. लोहाऱ्याला गेलो, तर संगणकाच्या पडद्यावर ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक तारा. वर तेजस्वी, तुरळक. खाली एकाएकी दाटी. "दाटी सुरू होती ती कड दाखवा. माझी रेघ म्या झाकून ठेवलीया."

"मी मराठीचा मास्तर. शास्त्राचा कुणी बोलवा."

"तिघं बोलवले. तिघंबी न बघताच म्हणले, तुमचं बरोबरच आसंल. पाव्हणा आसून माझ्यावर लेखी हरकत घेतलेला माणूस तुमी एकलेच."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा लवलेशही नव्हता. म्हणूनच मला मान वर करवेना. बराच वेळ पाहून मी रेघ ओढली. त्यांनी आपली लपवलेली रेघ पडद्यावर आणली. दोन रेघांत केसाएवढे अंतर होते.

"कमी-जास्तात बसतंय," ते खुलले.

"बेंबळीचा बांधही बरोबर होता," मी म्हणालो. "तेव्हाच सांगायला हवे होते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मग हरकत मागं घेता व्हय?"

"घेतो."

"तेवढीच घ्या. हितली चालू ठेवा. अजून सतरा दीर्घिका हायत." मग म्हणाले, "आन् माझे डोळे आता पयल्यासारखे न्हाईत."

मी निघताना त्यांनी पुढच्या रविवारी यायला सांगितले.

"येतो. तसे फार अंतर नाही."

"अकरा वर्षं," ते हळूच म्हणाले, "थोडं कमी-जास्त."

या मापावर मात्र माझी हरकत नव्हती.